त्रिरश्मीच्या भिंतीवरील राज्यकारभार



गेल्या वर्षावासात आमच्या घणसोली गावच्या धम्मवर्गातील मंडळी नाशिकची त्रिरश्मी बुद्ध लेणी पाहावयास गेली होती. पायऱ्या चढून आम्ही लेणे क्रमांक ३ च्या ओसरीत टेकलो. शेजारीच एक गृहस्थ आपल्या पाहुण्यांना सांगत होते की, पांडवांनी वनवासात असताना ही लेणी एका रात्रीत खोदली. आमच्याबरोबर एक आजी होत्या. त्यांच्या घरचा देव्हारा उतरून अजून फार दिवस झालेले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, पांडवांनी नाही खोदली, तर मग कोणी? आपल्या राजांनी का?" मी उत्तर देण्याच्या आतच आमच्यातील एक तरुण म्हणाला, "हो आजी, सातवाहन राजे बौद्धच होते की." आजींचा चेहरा उजळला. मी मात्र गप्प राहिले, कारण भिंतीवर जे कोरलेले आहे ते इतके सरळ नाही. आज ना उद्या कोणी तरी ते आजींना वाचून दाखवील आणि त्यांचा हिरमोड होईल. त्यापेक्षा आपणच ते नीट वाचलेले बरे. आजचा अभ्यासपाठ त्यासाठीच आहे.

प्रथम नकाशा समोर घ्या. आपण ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर राहतो. ईशान्येस कल्याण, खाडीपलीकडे साष्टीत कान्हेरी, उत्तरेस सोपारा, दक्षिणेस चौल. पाठीशी सह्याद्रीची भिंत आणि त्या भिंतीत तीन दरवाजे : थळघाट, नाणेघाट आणि बोरघाट. थळघाट चढला की नाशिक, त्यालाच त्या काळी गोवर्धन म्हणत. नाणेघाट चढला की जुन्नर. बोरघाट चढला की मावळ व कार्ले. या वाटांनी पुढे गेले की पैठण, आणि त्याच्याही पूर्वेला तेर. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटांवरून बैलांचे तांडे चालत व बंदरांत गलबते लागत. गलबते कोठली? तर इजिप्तमधून, म्हणजे रोमच्या साम्राज्यातून. तांबड्या समुद्रातील बंदरांतून निघून, पावसाळी वाऱ्यांवर शिडे सोडून ती आपल्या किनाऱ्याला येत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने या प्रवासाची टिपणे लिहून ठेवली आहेत. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जातात. त्याला आपले कल्याण, सोपारा, चौल, पैठण आणि तेर ही गावे ठाऊक होती. पैठण व तेरकडून मौल्यवान दगड आणि कापड गाड्यांवर लादून भडोचला येते, असे तो लिहितो. तिकडून इकडे इटलीची दारू, तांबे, कथील, पोवळे आणि सोन्या-चांदीची नाणी येत. राजासाठी आणखी खास नजराणे असत : चांदीची भांडी, गाणारी मुले आणि जनानखान्यासाठी देखण्या मुली. शाळेच्या पुस्तकात या व्यापाराला वैभवाचा काळ म्हणतात. त्या गलबतांतून उतरविलेल्या मुलींना कोणी विचारले असते तर त्यांनी त्याला काय म्हटले असते, हे आपल्यासारख्यांनी तरी मनात आणले पाहिजे.

रोमच्या हद्दीत शिरताना पूर्वेकडील मालावर चौथा हिस्सा जकात द्यावी लागे. तरीही तेथील श्रीमंतांची हौस भागत नव्हती. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तक्रारच केली आहे की, हिंदुस्थान दरवर्षी आपल्याकडून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली, ती याच व्यवहाराची खूण. तेव्हा ज्याच्या ताब्यात बंदर आणि घाट, त्याच्या तिजोरीत जकात. लढाई कशासाठी झाली हे समजण्यास एवढे पुरे आहे.

लढणारे दोघे होते. एक सातवाहन, राजधानी पैठण. दुसरे क्षहरात कुळातील क्षत्रप, मूळचे शक, गुजरात-माळव्याकडून खाली उतरलेले. त्यांचा राजा नहपान. नहपानाने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा पट्टा सातवाहनांकडून हिसकावून घेतला. त्या भांडणाची झळ कल्याणला कशी लागली ते पेरिप्लसकाराने सांगितले आहे. पूर्वी कल्याण हे कायदेशीर बाजाराचे बंदर होते. सत्ता बदलल्यावर तेथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून कोणी ग्रीक गलबत तेथे लागलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले. शत्रूच्या बंदराची नाकेबंदी करून व्यापार आपल्या बंदराकडे वळवावयाचा, हा डाव दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारी खेळला गेला.

आता कारभार कसा चाले ते पाहू. सातवाहनांनी मुलूख 'आहारां'त वाटला होता. आहार म्हणजे साधारण आपला जिल्हा. गोवर्धन आहार नाशिकचा, मामाल आहार मावळचा, सोपारा आहार आपल्या बाजूचा. प्रत्येक आहारावर एक अमात्य असे. राजाचा हुकूम प्रथम तोंडी निघे, मग त्याचा लेख तयार होई, तो अमात्याकडे जाई, त्याची नोंद ठेवली जाई आणि त्यावर वर्ष, ऋतूचा पंधरवडा व दिवस घातला जाई. लेखांची भाषा संस्कृत नाही, प्राकृत आहे. लोकांना समजेल अशी, आपल्या मराठीची पणजीच म्हणा ना.

असे दोन हुकूम लेणे क्रमांक ३ मध्येच कोरलेले आहेत. दोन्ही गौतमीपुत्र सातकर्णीचे आहेत. पहिला त्याच्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षाचा. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला तो विजयी सैन्याच्या छावणीतून लिहितो. पश्चिम काखडी गावातील २०० निवर्तने शेत, जे आजवर उषवदाताच्या ताब्यात होते, ते त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिले आहे. उषवदात हा नहपानाचा जावई. म्हणजे छावणीचे तंबू उभे असतानाच शत्रूच्या जावयाची जमीन विहाराला लिहून दिली गेली. (निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप.)

या हुकुमात शेताला काही सवलती दिल्या आहेत. त्या वाचताना मला आपली खाडीकाठची मिठागरे आठवली. राजाच्या माणसांनी या शेतात शिरू नये, कोणी त्याला हात लावू नये, मिठासाठी कोणी ते खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी त्यात ढवळाढवळ करू नये. भिक्खूंच्या शेताला ही सूट मिळाली, याचा अर्थ आपण उलट बाजूने वाचला पाहिजे. ज्यांना सूट नव्हती त्या साध्या कुणब्याच्या शेतात राजाची माणसे शिरत असत, मीठ खणत असत आणि अंमलदार हुकूम सोडत असत. शिलालेखात शेतकऱ्याचे गाऱ्हाणे कोणी कोरून ठेवत नाही. ते असे सवलतींच्या यादीतून शोधावे लागते.

दुसरा हुकूम ६ वर्षांनंतरचा, २४ व्या वर्षाचा. तो श्यामक नावाच्या अमात्यास आहे आणि राजाबरोबर राजमातेच्या नावानेही आहे. काखडी गावात आम्ही भिक्खूंना पूर्वी शेत दिले होते, पण ते शेत कसले जात नाही आणि गावात वस्ती राहिलेली नाही. तरी आता नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने त्यांना द्यावीत, असा त्याचा आशय. गाव का उठले, ते लेख सांगत नाही. पण ज्या मुलखावरून नुकतेच दोन राजांचे सैन्य गेले होते, तेथील गाव सहा वर्षांत ओस पडले, एवढे तर आपल्यापुढे आहे. जिंकणाऱ्याची स्तुती त्याच लेण्यात मोठ्या अक्षरांत आहे. काखडीची माणसे कोठे गेली, याबद्दल एक अक्षर नाही.

लढाईचा दुसरा पुरावा नाण्यांचा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नाणी वितळवून नवी पाडण्याचा खटाटोप त्याने केला नाही. नहपानाच्याच मुखवट्यावर आपली खूण ठोकली आणि नाणे पुन्हा बाजारात सोडले. भाजीवाल्याच्या हातात रोज नवा राजा आणि त्याच्याखाली जुना राजा. सत्ता बदलल्याची याहून स्वस्त दवंडी कोणती असणार?

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. हे राजे आपले होते का?

दान त्यांनी दिले, यात वाद नाही. सातवाहनांच्या अगदी आरंभीच्या काळात, कण्ह राजा असताना, श्रमणांसाठी नेमलेल्या एका महामात्राने नाशिकला लेणे करविले. लेणे क्रमांक ३ गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावी याच्या १९ व्या वर्षी, भद्रायणीय भिक्खूंना दिले. पण त्याच लेखात ती आपल्या मुलाचे गुण कसे सांगते पाहा. त्याने शक, यवन, पह्लव यांचा नाश केला. क्षहरात वंश निर्मूळ केला. प्रजेच्या सुखदुःखात तो सहभागी होता. धर्माला धरूनच कर घेत होता. येथवर आपणास आनंद वाटेल. पुढे ती सांगते की तो एकमेव ब्राह्मण होता, त्याने क्षत्रियांचा गर्व उतरविला आणि चार वर्णांचा संकर बंद केला.

चार वर्णांचा संकर बंद केला! हे वाक्य भगवान बुद्धांच्या भिक्खूंना दान दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर आहे. ज्या संघात न्हावी उपाली ज्येष्ठ मानला गेला आणि शाक्य राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले, त्या संघाच्या ओसरीत वर्णव्यवस्था टिकविल्याची फुशारकी. याच घराण्यातील एका जुन्या राणीचा, नागनिकेचा, लेख नाणेघाटात आहे. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई-हत्ती-घोड्यांची लांबलचक यादी आहे. सातवाहन राजे वैदिक धर्म पाळणारे होते व संघालाही दान देणारे होते. त्यांचा शत्रू उषवदात हाही तसाच. त्याने ब्राह्मणांना गावे दिली, हजारो गाई दिल्या आणि त्रिरश्मीत भिक्खूंसाठी लेणेही खोदविले. दोघेही एका हाताने यज्ञाला आणि दुसऱ्या हाताने विहाराला देत होते.

उषवदाताच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, तो परका म्हणून टाळू नयेत. त्याने तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा नद्यांवर फुकट उतार ठेवला होता, म्हणजे होडीवाल्याला पैसा न देता कोणीही पलीकडे जावे. आणि भिक्खूंच्या जेवणाच्या सोयीसाठी त्याला शेत हवे होते, तेव्हा त्याने ते एका ब्राह्मणाकडून ४ हजार कार्षापण मोजून विकत घेतले. राजाचा जावई असूनही हिसकावून घेतले नाही. तसे पाहिले तर प्रजेला त्याचा अंमल सातवाहनांपेक्षा वाईट होता, असे लेखांवरून तरी म्हणता येत नाही. कार्ल्याला त्याने भिक्खूंना करजिक नावाचे गाव दिले होते. राज्य पालटल्यावर सातवाहन राजाने मामालच्या अमात्याला हुकूम पाठवून तेच गाव पुन्हा भिक्खूंच्या नावे केले. वैर राजांचे होते. विहाराचे दान दोघांनीही मोडले नाही.

मग वर्णसंकर बंद केला त्याचे पुढे काय झाले? खाडीपलीकडे कान्हेरीला जा. तेथे पाण्याच्या एका टाक्यावरील लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख आहे आणि ती महाक्षत्रपाची मुलगी असल्याचे म्हटले आहे. हा महाक्षत्रप म्हणजे कार्दमक कुळातील शक राजा रुद्रदामन, असे विद्वान मानतात. रुद्रदामनाने इ. स. १५० च्या जुनागढच्या लेखात लिहून ठेवले आहे की, दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरविले, पण जवळचे नाते असल्यामुळे त्याचा नाश केला नाही. ज्या घराण्याच्या आजीने शकांच्या नाशाचा व वर्णरक्षणाचा डंका पिटला, त्या घराण्यात काही काळाने शकाची मुलगी सून म्हणून आली आणि त्या सोयरिकीने राज्य वाचले. राजांना गरज पडली तेव्हा संकराचे पाप आड आले नाही. तो नियम खालच्यांसाठी होता. आपल्या वस्तीत आजही मुलामुलींच्या लग्नाची बोलणी पोटजातीवर येऊन मोडतात. अशा वेळी कान्हेरीचे हे टाके आठवावे.

येथे रोमकडे थोडे वळू, कारण परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनीच ते उदाहरण आपणास दिले आहे. रोममध्ये सम्राट येण्यापूर्वी सुमारे पाच शतके प्रजासत्ताक होते. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि एक दुसऱ्याला रोखू शके. ज्येष्ठांची सीनेट सल्ला देई. उमरावांना पॅट्रिशियन आणि सामान्यांना प्लेबियन म्हणत. कर्जापायी गुलाम होण्याची पाळी आली तेव्हा इ. स. पू. ४९४ मध्ये, परंपरेप्रमाणे, प्लेबियन शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. लढावयास माणसेच उरली नाहीत, म्हणून उमराव नमले आणि सामान्यांच्या रक्षणासाठी ट्रिब्यून हे अधिकारी नेमले गेले. इ. स. पू. ४४५ मध्ये दोन वर्गांतील लग्नबंदी उठली. इ. स. पू. ३६७ च्या कायद्याने दोहोंपैकी एक कॉन्सलपदही सामान्यांना खुले झाले.

एवढे मिळाले, मग अडले कोठे? लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे १९३६ साली स्वतःच छापलेल्या भाषणात बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले आहे. सामान्यांचा कॉन्सल देवाला मान्य असल्याचा कौल मिळाल्याशिवाय पदावर बसू शकत नसे आणि कौल सांगणारे पुजारी उमरावांचे होते. जो माणूस उमरावांना जड जाईल तो देवालाही नामंजूर. कोकणात राहणाऱ्यांना कौल म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. इ. स. पू. २१५ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता, रोमचे सैन्य कापले गेले होते, अशा घटकेला मार्सेलस हा लढवय्या प्लेबियन कॉन्सल निवडून आला. दोन्ही कॉन्सल सामान्यांतील असण्याची ती पहिलीच वेळ. पदग्रहणाच्या वेळी ढग गडगडले. शकुन पाहणाऱ्यांनी निवड सदोष ठरविली आणि दोघे प्लेबियन कॉन्सल देवांना पसंत नाहीत अशी आवई उमरावांनी उठविली. मार्सेलसने पद सोडले. शत्रू दारात असतानासुद्धा लोकांनी आपला माणूस सोडला, पण कौल सोडला नाही.

सातवाहनांच्या राज्यात तर सामान्यांचा कॉन्सल नव्हता, ट्रिब्यूनही नव्हता. राजाने विहाराला जमीन दिली, गुहा दिली, सवलत दिली. वर्णाची किल्ली मात्र कमरेलाच ठेवली. त्याच गोवर्धनात, त्या लेण्यांपासून काही मैलांवर, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

तर आजी, राजे आपले होते असे मी म्हणणार नाही. पण लेणी राजांनीच खोदली, हेही खरे नाही. नाशिकच्या लेणे क्रमांक ८ मध्ये एक छोटा लेख आहे. मुगुदास नावाच्या मासेमाराने आपल्या परिवारासह दिलेले हे लेणे, एवढाच. आमच्या गावातील एका कोळी मित्राला मी हे सांगितले तेव्हा त्याने दोनदा विचारले, "खरंच कोळ्याचं नाव कोरलंय?" खरेच कोरले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर धेनुकाकट गावच्या एका सुताराचे नाव आहे. कान्हेरीला कल्याणच्या लोहाराचे दान आहे. रायगड जिल्ह्यातील कुडे लेण्यांत कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांचा आणि कासारांचा उल्लेख आहे. कार्ल्याच्या खांबांवर यवनांची नावेही आहेत, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले व येथे उपासक झालेले लोक.

या कारागिरांच्या संघटना होत्या, त्यांना श्रेणी म्हणत. (हीच व्यवसायमंडळे पुढे जातीच्या कुंपणात कशी कोंडली गेली, हा वेगळ्या पाठाचा विषय आहे.) श्रेणी हे त्या काळचे पतपेढीसारखे काम करी. उषवदाताच्या ४२ व्या वर्षाच्या लेखात हा व्यवहार हिशेबासह दिला आहे. त्याने ३ हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २ हजार एका श्रेणीकडे, शेकडा १ प्रतिक व्याजाने. १ हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण प्रतिक व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. पहिल्या ठेवीच्या व्याजातून त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे.

मी हे गणित आमच्या वर्गातील मुलांना फळ्यावर घालून दिले. व्याज वर्षाचे धरले तर २ हजारांवर २० मिळतात, म्हणजे माणशी एकच कार्षापण. जमत नाही. एका मुलीने महिन्याचे धरून पाहिले. महिन्याला २०, वर्षाला २४०, त्याला २० भिक्खूंनी भागले की बरोबर १२. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब पै न् पै जुळला तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. ज्यांच्या आजा-पणजांना सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठे उठवावयास लावले, त्यांच्या मुलांनी तो तपासला होता.

या लेखाच्या शेवटची नोंद मला सर्वात मोलाची वाटते. हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदविले, असे तेथे म्हटले आहे. निगमसभा म्हणजे नगरातील व्यापारी-कारागिरांची सभा. राजाचा जावई पैसे ठेवतो, पण शब्दावर नाही; चारचौघांच्या सभेत, लेखी नोंद करून. भिक्खूने सोने-नाणे हाती घेऊ नये हा विनयाचा नियम होता, तोही रक्कम श्रेणीकडे राहिल्याने सांभाळला जाई.

संघाचा स्वतःचा कारभार तर त्याहून पुढे होता. संघात कोणताही निर्णय करावयाचा तर प्रथम ञत्ति, म्हणजे ठराव, मांडावा लागे. महत्त्वाच्या कामात त्यावर तीनदा विचारणा होई. ज्यांना मान्य त्यांनी गप्प राहावे, ज्यांना अमान्य त्यांनी बोलावे. ठराविक संख्या हजर नसेल तर सभा चालत नसे. आजारी भिक्खू आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवी. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मते मोजली जात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी याच गोष्टींची आठवण दिली. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव हे सारे भिक्खुसंघाला ठाऊक होते, ते या देशाने एकदा गमावले आणि पुन्हा गमावेल काय, अशी चिंता त्यांनी बोलून दाखविली. जेव्हा रोममध्ये ऑगस्टसने इ. स. पू. २७ पासून सारी सत्ता आपल्या हाती घेऊन सीनेटला नावापुरते उरविले होते, तेव्हा त्रिरश्मीच्या डोंगरात न्हावी, व्यापारी, राजपुत्र आणि कोळी यांच्या घरचे भिक्खू एकाच चटईवर बसून हात न उगारता मते मोजीत होते.

गौतमीपुत्र गेला, त्याचा वंश गेला, क्षत्रपांचा नाशिकवरील अंमलही गेला. नंतर तेथे आभीर राजे आले. त्यांच्यापैकी ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाचा एक लेख त्रिरश्मीवर आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने गोवर्धनच्या श्रेणींकडे पैसे ठेवले : कुंभारांकडे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे, तेल्यांकडे. त्याच्या व्याजातून विहारात राहणाऱ्या आजारी भिक्खूंना, मग ते कोणत्याही दिशेने आलेले असोत, औषध द्यावयाचे होते. राजे तीनदा पालटले तरी कुंभार-तेल्यांची श्रेणी ठेव घेत होती, व्याज देत होती.

पुढच्या वेळी नाशिकला जाल तेव्हा क्रमांक ३ चे मोठे लेणे पाहून लगेच खाली उतरू नका. मुगुदासाचे लेणे थोडे पुढे आहे. बरोबर विजेरी न्यावी, अक्षरे झिजलेली आहेत. लेखावर खडू किंवा पाणी लावू नये. कान्हेरीची लेणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत. आपल्याकडून सकाळी निघाले की मुलाबाळांसह दिवसभरात पाहून होतात.

मुलांसाठी घरचा अभ्यास : उषवदाताने दुसऱ्या श्रेणीकडे ठेवलेल्या १ हजार कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण प्रतिक या दराने एका वर्षाचे व्याज किती झाले? ते २० भिक्खूंत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास किती येईल? उत्तर वहीत लिहून रविवारच्या धम्मवर्गास आणावे.